तळणाआधीचं ताट

विहिरीवरून दुसरी खेप घेऊन दमयंती मागच्या दाराने आत आली आणि जात्यावर ठेवलेलं ताट तिला दिसलं. पितळेचं, काठाला एका जागी चेपलेलं, वर धुवट लुगड्याचा तुकडा टाकलेला. डोक्यावरचा हंडा तिने उतरवला नाही. तसाच एका हाताने सावरत तिने दुसऱ्या हाताने फडक्याचं टोक उचललं. आत चार करंज्या, मूठभर कडबोळी, पोह्यांचा चिवडा आणि दोन लाडू. काठावर भांडेवाल्याने टोचून काढलेली अक्षरं होती, सौ. गोजरा पंढरी. म्हणजे शेजारच्या गोजराचं. आज धनत्रयोदशी, पहिली आंघोळ परवा, घरात अजून कढई चढलेली नव्हती, आणि शेजारून फराळाचं ताट आलं होतं. मागच्या दाराने आलं होतं, झाकून आलं होतं, आणि आणणारी हाकही न मारता ठेवून निघून गेली होती. दमयंतीला डोक्यावरच्या पाण्याचं वजन एकदम कळलं. तिने हंडा खाली ठेवला, तेव्हा निम्मं पाणी तिच्या पायावर सांडलं होतं.

नऊ वर्षं ती या मुलखाबाहेर होती, पण एवढं विसरण्याइतकी काही ती परकी झाली नव्हती. कोपरखैरण्याला तिच्या माहेरी काय आणि इथे शिरवण्याला सासरी काय, रीत एकच. दिवाळीला ताटं फिरतात ती लक्ष्मीपूजन झाल्यावर, आपल्या घरचं तळण देवाला दाखवल्यावर. तुझ्या करंज्या माझ्याकडे, माझ्या तुझ्याकडे, आणि मग कुणाच्या खुसखुशीत, कुणाच्या वातड, यावर बायकांची आठवडाभर करमणूक. तळणाआधी ताट जातं ते एकाच घरी. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं, त्या घरात कढई चढत नाही, आणि मग शेजारपाजार त्या घराला उपाशी ठेवत नाही. ते ताट मागच्या दाराने जातं, झाकून जातं, त्या दारात उभं राहून कुणी हाक मारत नाही. लहानपणी तिने स्वतः आईबरोबर असं ताट नेलं होतं. मिठागरात साप चावून गेलेल्या माणसाचं घर होतं ते. आईने ताट ठेवलं आणि तिचा हात ओढत तिला बाहेर आणलं. मागे वळून बघायचं नाही, असं रस्ताभर बजावलं. तिने बघितलं होतं. त्या घरातली बाई दारात येऊन नुसती ताटाकडे बघत उभी होती.

युद्ध थांबून महिना झाला होता. रोहिदासने, तिच्या धाकट्या दिराने, कारखान्यातून येताना वर्तमानपत्र आणून तसं वाचून दाखवलं होतं. हिरामणचं शेवटचं पत्र त्याच्याही आधीचं. चार ओळी होत्या. मी मजेत आहे, पाऊस थांबला आहे, काशीला शाळेत घाल, आईला सांग पाय दुखत असेल तर एरंडेल लाव. हवालदार माणूस, लॉरी हाकणारा, पत्रही लॉरीसारखंच लिही, जेवढं भरायचं तेवढं भरून मोकळा. वर ठिकाण नाही, नुसता फौजेच्या टपालाचा नंबर. ती चिठ्ठी दमयंतीला पाठ झाली होती. एरंडेलाचं वाक्य तर येता-जाता डोक्यात वाजायचं. जो माणूस आईच्या पायाला एरंडेल लावायला सांगतो, त्याला काय होणार आहे, असं ती मनाला समजवायची. मग वाटायचं, ज्यांना काही झालं त्यांनीही असंच काहीतरी लिहिलेलं असेल.

ताटावर तिने परत फडकं टाकलं आणि ओटीकडे कानोसा घेतला. सासू, येसूबाई, भिंतीला पाठ लावून सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिला ताट दिसलंच असणार. जातं तिच्या डोळ्यांसमोर. पण तिने मान वर केली नाही, कोण आलं होतं ते सांगितलं नाही, की एवढ्यात कसलं ताट म्हणून कपाळाला आठी घातली नाही. चार दिवस झाले, म्हातारी कढईचं नावच काढत नव्हती. वसुबारस झाली. गोजराकडून, पलीकडे जानूच्या घरून तळणाचे वास येऊन गेले. इथे नारळ तसेच पडवीत पडलेले, तांदळाचं पीठ डब्यात तसंच. दमयंतीने परवा विचारलं होतं, सारण करायला घेऊ का म्हणून. येसूबाई म्हणाली, बघू. काल विचारलं तर म्हणाली, रोहिदास येऊ दे. रोहिदासचा आणि करंज्यांचा काय संबंध, हे तेव्हा दमयंतीच्या लक्षात आलं नाही. आता आलं. आणि तोच रोहिदास आज पहाटे चहासुद्धा न घेता ठाण्याला निघून गेला होता. कशाला, तर काम आहे. वहिनीच्या डोळ्याला डोळा न भिडवता चपला घालत होता तो.

म्हणजे यांना माहीत आहे. हा विचार तिच्या मनात आला तेव्हा तिला रडू आलं नाही. उलट गेल्या आठ दिवसांतल्या सगळ्या गोष्टी भराभर येऊन एकमेकींना चिकटल्या. विहिरीवर ती गेली की बायकांचं बोलणं मध्येच तुटायचं. येसूबाई सोमवारपासून तिच्या पानात खाडीतल्या निवट्या मासळीचा मोठा वाटा वाढत होती, आणि स्वतः कालवणात भात कालवून उठत होती. तीच येसूबाई, जिने गणपतीनंतर दमयंती ट्रंक घेऊन दारात उतरली तेव्हा पहिलं वाक्य म्हटलं होतं की छावनीत राहून हात मऊ झालेत, आता भात कापायला यायचं हाय. या आठवड्यात तिने दमयंतीला शेतावर चल म्हणून एकदाही म्हटलं नव्हतं. बाई, बस घरात, पोरीला बघ. एवढी माया सासूला एकाएकी कुठून सुटते? कोणत्या घरात, कोणत्या सुनेसाठी?

आणि मग तो फौजेतला भरतीचा कागद. खरं म्हणजे सगळ्यांच्या मुळाशी तोच होता. हिरामण फौजेत भरती झाला तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं. घरच्या माणसाचं नाव म्हणून त्याने आईचं नाव घातलं आणि पत्ता दिला भावाच्या कामावरचा. काही बरंवाईट झालं तर तार जायची ती त्या पत्त्यावर. लग्नानंतर खडकीला, मग जबलपूरला, मग जालंधरला, दर बदलीला दमयंती त्याला म्हणायची, अहो, ते नाव तेवढं बदला. तो म्हणायचा, बदलतो. साहेबाला भेटतो. सुट्टीहून आलो की बघतो. तिला नावात मान हवा होता असं त्याला वाटायचं, आणि त्यावरून तो तिला चिडवायचा की बायकोला तारेचीसुद्धा हौस. तिला मान नको होता. तिला भीती वाटायची की कधीतरी एखादी गोष्ट सगळ्या जगाला कळेल आणि तिला शेवटी कळेल. चिडवणं ऐकून तीही हसायची. नऊ वर्षांत हसण्यावारी गेलेली ही एकच गोष्ट नव्हती, पण आज दुसरी कुठली आठवेना.

"माँ, हे कुणी दिलं?" काशी कधी आत आली ते तिला कळलंच नाही. सहा वर्षांची पोर, जबलपूरच्या इस्पितळात जन्मलेली. नाव पणजीचं ठेवलं तरी पणजीचं गाव तिने दीड महिन्यापूर्वी पहिल्यांदा पाहिलं. मराठीत हिंदी, हिंदीत पंजाबी, आणि गावच्या पोरांची बोली ऐकली की तोंडात बोट. तिने फडकं उचललं होतं आणि कडबोळ्याला हात लावला होता. दमयंतीने तिच्या हातावर चापट मारली. जोरात बसली. कडबोळं जमिनीवर पडून दोन तुकडे झालं. काशी रडली नाही. हात पाठीमागे नेऊन ती सरळ उभी राहिली, कवायतीत उभी करतात तशी, आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. पोरगी आल्यापासून अशीच वागत होती. खाडीवरून सांताक्रूझकडे जाणारं विमान आलं की खेळता खेळता अंगणात पालथी पडायची, दोन्ही हात कानांवर. जालंधरच्या शाळेत तसं शिकवलं होतं. गावची पोरं आधी हसली, मग त्यांनी त्याचाच खेळ केला, आणि आता विमान आलं की पाखाडीभर, गावाच्या या सगळ्या आळीत, पोरांचा लोळागोळा. बाकीची पोरं पडून हसायची. काशी पडून राहायची, आवाज पूर्ण जाईपर्यंत.

"ते खायचं नाही," दमयंती म्हणाली. का ते तिला सांगता येईना. त्या ताटातलं एक कडबोळं पोटात जाणं म्हणजे ताट घेतलं असं होणार होतं. ताट घेतलं म्हणजे ते ज्या कारणाने आलं ते कारण घरात घेतलं. तिने दोन्ही तुकडे उचलले, ताटात होते तसे जुळवून ठेवले आणि फडकं चारही बाजूंनी खोचलं.

गेल्या वर्षी या दिवशी जालंधरला तिचं तळण संपत आलं होतं. क्वार्टरचं स्वयंपाकघर ते केवढं, एक माणूस वळला की दुसऱ्याने बाहेर जायचं, पण कढई तिची होती, आणि ती कधी चढवायची ते ठरवणारी तीच होती. शेजारच्या क्वार्टरमधली सुरिंदर, हरनामसिंगची बायको, मठ्ठीची, म्हणजे जाड खारट पुऱ्यांची, परात घेऊन यायची आणि दोघी एकाच तेलात तळायच्या. एक मठ्ठी, एक करंजी. तेल कुणाचं याचा हिशेब नसायचा, आणि मठ्ठीचा ओवा करंजीला लागला म्हणून हिरामण कुरकुरायचा तो दरवर्षीचाच. संध्याकाळी सगळ्या लाइनीच्या कठड्यांवर पणत्या लागायच्या, त्याही एका ओळीत, सारख्या अंतरावर. पणत्यांनासुद्धा सावधान उभं केलंय, असं ती म्हणाली की सुरिंदर ओढणी तोंडाला लावून हसायची. निघताना वेळच मिळाला नाही. सकाळी सांगितलं, संध्याकाळच्या गाडीने सगळी बायकापोरं आपापल्या गावी. एक ट्रंक, एक वळकटी, बाकी सगळं मागे. कढई तिने सुरिंदरला दिली. राहू दे तुझ्याकडे, दिवाळीपर्यंत येतेच परत. सुरिंदरचं गाव तिथून दोन कोसांवर होतं, तिला कुठे जायचंच नव्हतं. स्टेशनवर दोघींचे नवरे नव्हते. ते आधीच गेले होते, एकाच तांड्यात, पुढेमागे दोन लॉऱ्या घेऊन.

ती ट्रंक आता या घराच्या कोपऱ्यात होती, वर पांढऱ्या रंगात हिरामणचं नाव आणि नंबर. ट्रंकेत तळाशी, काशीच्या लोकरी स्वेटरखाली, एक पाकीट होतं. त्याच्याबद्दल दमयंती आठ दिवस विचार करत नव्हती. म्हणजे दर थोड्या वेळाने ती त्याबद्दल विचार न करण्याचं ठरवत होती. गेल्या शुक्रवारी नामा पोस्टमनने सायकलवरून न उतरताच ते तिच्या हातात दिलं होतं. नामा बेलापूरहून सोमवारी आणि शुक्रवारी यायचा, दुपार कलल्यावर, आणि पाखाडीच्या तोंडाशी घंटी वाजवायचा. घंटी ऐकली की दमयंती असेल तशी धावत सुटायची. भरल्या हाताने, ओल्या केसांनी, एकदा तर चुलीवर दूध टाकून. गावच्या बायकांना त्याचीही गंमत. हवालदारीण धावली, म्हणजे नामा आला, घड्याळ बघायला नको. तर त्या दिवशी पाकीट घेऊन ती आत आली, अक्षर हिरामणचं नाही हे तिला दारातच कळलं, आणि ट्रंकेच्या आडोशाला बसून तिने ते वाचलं होतं. मग स्वेटरखाली घातलं. कुणी विचारलं तर सांगायचं काय, हे ठरवलं नव्हतं. पण कुणी विचारलंच नाही, आणि याचंही तिला तेव्हा नवल वाटलं नाही.

ओटीवर सूप थांबलं होतं. तांदूळ घोळण्याचा आवाज थांबला हे तिला उशिरा कळलं. येसूबाई तिच्याकडे बघत होती. चेहरा काळवंडलेला, डोळे कोरडे. दमयंतीला वाटलं, आता ही सांगणार. तिने चौकटीला हात लावला. रोहिदासशिवाय सांगायचं नाही असं ठरलेलं असेल, पण ताट आलं, आता म्हातारीला राहवणार नाही. तिला एकदम ओरडून म्हणावंसं वाटलं की नका सांगू. संध्याकाळपर्यंत थांबा. मला हा एक दिवस राहू द्या. पण बोलली ती येसूबाईच.

"सांग आता," ती म्हणाली. "गोजराला सांगलंस, मना नाय सांगलंस. मी त्याची आयस हाय ना गो?"

दमयंतीला अर्थच लागेना.

"गेल्या सुकरवारी कागूद आला," येसूबाई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तू पेटीमागं बसून रडलीस. मी पडवीत होती. मंग कागूद लपवलास. मी म्हटलं, सांगल. आज सांगल, उद्या सांगल. पोरीसमोर कसं सांगल, रात्री सांगल. आठ दिस झाले. मना वाचता येत नाय म्हनून काय मी थांबू तरी किती?"

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. तेव्हा दमयंतीला दिसलं की सुपातले तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. निवडलेलेच ती परत परत निवडत बसली होती. निवट्यांचा मोठा वाटा, शेतावर न नेणं, बाई बस घरात, या सगळ्याचा अर्थ तिच्या डोळ्यांसमोर उलटा झाला. ही बाई आठ दिवस मुलगा गेला असं धरून बसली होती. आठ दिवस तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, आणि ज्या सुनेने बातमी लपवली असं तिला वाटत होतं तिच्याच पानात वाढत होती. दमयंतीला स्वतःची लाज वाटली.

ती धावत जाऊन ट्रंक उघडायला लागली. कडी अडकली, बोटाला लागलं. पाकीट आणून ती म्हातारीच्या पुढ्यात बसली. "हा त्यांचा नाही, आये. देवाशपथ नाही. हा सुरिंदरचा आहे. आमची शेजारीण. तिचे मालक गेले."

सुरिंदरने गावच्या मास्तरकडून हिंदीत लिहून घेतलं होतं. दमयंतीने ते अडखळत वाचलं, आणि जे शब्द म्हातारीला कळणार नाहीत ते मराठीत सांगितले. बहन, इस बार हमारे यहाँ दिया नहीं जलेगा. तुझी कढई माझ्याकडे आहे, ती मी सांभाळून ठेवली आहे. परत आलेले लोक सांगतात की तीन लॉऱ्यांवर एकदम मारा झाला. दुसऱ्या दोन्हींवर कोण होतं ते मला कुणी सांगत नाही. हिरामणभैयाचं पत्र आलं असेल तर मला कळव. शेवटची ओळ दमयंतीने बोट ठेवून वाचली. याच ओळीसाठी तिने पाकीट लपवलं होतं. कुणाला वाचून दाखवली की ती खरी झाली असती.

येसूबाईने कागदासाठी हात पुढे केला. अक्षर कळत नसलं तरी तिने तो हातात घेतला, उलटसुलट केला, पुन्हा घडी घातली. "माझ्या हिरामनचं यात काय नाय," ती म्हणाली. विचारत होती की सांगत होती ते कळलं नाही.

"काहीच नाही. चांगलं नाही, वाईट नाही. तुमच्याकडे काही आलंय का? रोहिदासभावजींकडे? तार येते ती त्यांच्या कामावरच्या पत्त्यावर. मला वाटलं तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मला सांगत नाही."

"त्यालाच धाडलंय ठान्याला," येसूबाई म्हणाली. "फौजेच्या हापिसात इचारून ये म्हटलं. ती सांगत नाय तर सरकार सांगल." मग एकदम तिचं तोंड वाकडं झालं. रडतेय की हसतेय ते तिला स्वतःलाही ठरवता येत नव्हतं. दमयंतीने तिचा गुडघा धरला. काशी दारात उभी राहून बघत होती, हात अजून पाठीमागे.

पण ताट तिथेच होतं. थोड्या वेळाने दोघींनाही ते पुन्हा दिसलं. सुनेने सांगितलं नाही, सासूने सांगितलं नाही, मग गोजराने ताट कशाच्या जोरावर आणलं? गोजराचा नवरा पंढरी तुर्भ्याच्या बाजूच्या नव्या कारखान्यात लागलेला. तिथे वर्तमानपत्र येतं, रेडिओ आहे, चार गावची माणसं भेटतात. गेलेल्यांच्या नावांच्या याद्या छापून येतात म्हणे. दोघींच्या मनात तेच होतं, आणि आत्ता जरा सैल झालेली घराची हवा परत आवळत आली. जाऊन विचारावं तर पाय उचलेना. दहा पावलांवर गोजराचं दार. विचारेपर्यंत हिरामण जिवंत होता.

दमयंती उठली. तिने काय ठरवलं ते तिला उठेपर्यंत माहीत नव्हतं. "कढई कुठे आहे, आये?"

येसूबाईने मान हलवली. "आज नको. कागूद येऊ दे. तळन तळलं, पोरीनं खाल्लं, आनि मागून कलालं की तो महिन्याखालीच... मंग? सुतकात दिवाली केली आयसनं. माझा हात जलंल गो."

खरी गोष्ट ही होती. म्हातारी चार दिवस जे टाळत होती ते हे होतं. दमयंतीला ते कळलं, आणि त्या कळण्याबरोबर सासूबद्दल जे काही नऊ वर्षं आणि दीड महिना मनात साठलं होतं ते जागेवरून हललं. भीती तर तिलाही होती, तेवढीच. पण तिला तो कठडा दिसत होता, सुरिंदरचा, पणती नसलेला. सुरिंदरला कळलं आहे म्हणून तिने दिवा लावला नाही. आपल्याला कळलेलं नाही. न कळताच चूल थंड ठेवायची म्हणजे आपणच आपल्या हाताने तार लिहायची.

"कागद आला तर त्या घडीला उतरवू," ती म्हणाली. "तळती करंजी कढईत तशीच ठेवून उतरवू. पण आज चढवायची. त्यांना गुळाच्या आवडतात की साखरेच्या, ते तुम्ही सांगा. माझ्या हातच्या त्यांनी नऊ वर्षं खाल्ल्या, पण दरवर्षी म्हणायचे आईसारख्या नाहीत."

येसूबाई हात टेकून उठली. पाय दुखत होता, पण आधार घेतला नाही. "गुलाच्या," ती म्हणाली. "साकर तर दुकानातबी नाय." आणि फळीवरून काळी कढई स्वतः काढून तिने चुलीवर ठेवली.

नारळ दमयंतीने फोडला. सारण म्हातारीने परतलं. पाऱ्या दमयंतीने लाटल्या, पण पहिल्या चार करंज्यांचे काठ उकलले, सारण तेलात सुटलं आणि करपल्याचा वास घरभर झाला. येसूबाईने उकललेल्या करंज्या झाऱ्याने काढून वेगळ्या ठेवल्या आणि पुढच्यांचे काठ स्वतः मुरड घालून दिले, बारीक, दोरीला पीळ असतो तसे. दमयंती तळत होती आणि कान बाहेर होते. दर आवाजाला तिला वाटायचं, रोहिदास आला. दर आवाजाला ती मनात म्हणायची, एवढा घाणा होऊ दे. मग पुढचा घाणा सोडायची आणि पुन्हा तेच. काशीला म्हातारीने जवळ बसवून कणकेचा गोळा दिला होता. पोरीने त्याची चिमणी केली, मग विमान केलं, मग पुन्हा चिमणी केली.

गोजराचं ताट दमयंतीने रिकामं करून घासलं. राखेने, मग चिंचेने. आतला फराळ डब्यात काढला, मोडलेलं कडबोळंही. खाल्लं कुणी नव्हतं अजून. मग त्या ताटात तिने स्वतःच्या घरच्या करंज्या रचल्या, बाजूला काकडीच्या घाऱ्या, मध्ये गुळाचा खडा. दुखवट्याच्या घरातून ताट परत जातं ते रिकामं जातं. हे तिला जसं माहीत होतं तसं पाखाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. येसूबाईने वर टाकायला फडकं पुढे केलं. दमयंतीने ते घेतलं नाही. ती पुढच्या दाराने निघाली, उघडं ताट दोन्ही हातांत धरून.

ऊन कललं होतं. अंगणाअंगणांत भाताच्या पेंढ्या पडलेल्या, खाडीवरून खारा वारा येत होता. जानूची बायको दारात रांगोळी काढत होती. तिचा हात थांबला, आधी ताटाकडे आणि मग दमयंतीच्या तोंडाकडे ती बघत राहिली. पलीकडची एक म्हातारी उठून उभी राहिली. दमयंतीला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे, आणि मी वेडी झाले असं त्यांना वाटतंय. दहा पावलं कधी सरत नव्हती. गोजरा आत असेल तर हाक मारावी लागणार होती. पण गोजरा अंगणातच होती, मिरच्या पसरत. बिनमुलाची, तिशीतली, सदा तोंड उघडं टाकून दुसऱ्याचं ऐकत बसणारी बाई. तिने ताट बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"लगेच परत आनलंस?" ती म्हणाली. "आवडलं नाय का गो? कडबोली जरा नरम झाली, मी म्हटलं होतं यांना."

"गोजरा, तू ताट का आणलंस?" दमयंतीने विचारलं.

गोजरा गोंधळली. दोन्ही हात लुगड्याला पुसले. "तूच सांगलंस ना," ती म्हणाली. "त्या दिवशी पाण्यावर. तुमच्या तिकडं नवीन बिऱ्हाड आलं की त्याची पेटी सुटस्तवर शेजारीन पयलं ताट त्याच्या घरी पोचवते. सनासुदीचं तर पयलं त्यालाच. मना लय बरं वाटलं ऐकून. तुझी पेटी अजून तशीच हाय कोपऱ्यात, मी बघते ना. म्हटलं, आपन बी करावं. तू नव्हतीस, आयसचा डोला लागलेला वाटला, म्हनून हाक नाय मारली." मग तिला काहीतरी सुचलं. ती दमयंतीच्या चेहऱ्याकडे बघता बघता हळूहळू पांढरी पडत गेली. हात तोंडावर गेला. "अगो बाय. मागल्या दारानं आनलं गो मी."

दमयंतीला आठवलं. विहिरीच्या काठावर, गणपती नुकतेच गेलेले, तिने बढाई मारल्यासारखं सांगितलं होतं. आमच्या लाइनीत असं असतं. आमच्यात नव्या माणसाला तीन दिवस चूल पेटवावी लागत नाही. या गावात तिला आल्या दिवशी कुणी पाणी विचारलं नव्हतं, तो राग होता त्या सांगण्यात. बाकीच्या बायका गालात हसल्या होत्या. ही एकटी तोंड उघडं टाकून ऐकत होती. पंढरीने काही ऐकलं नव्हतं. कुठल्या यादीत काही नव्हतं, किंवा असलं तर या घरात ते पोचलेलं नव्हतं. दमयंतीच्या हातांत ताट कललं. गोजराने पुढे होऊन ताटाखाली हात लावला, आणि क्षणभर दोघींनी ते धरून ठेवलं. "चुकलं माझं," गोजरा पुटपुटली. दमयंतीने मान हलवली. नाही, चुकलं नाही, असं तिला म्हणायचं होतं. "खा," ती म्हणाली. "आत्ता खा. माझ्यासमोर."

गोजराने करंजी उचलली आणि तोंडात घातली. काठ मोडल्याचा आवाज झाला.

त्याच वेळी पाखाडीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. शुक्रवार होता, हे दमयंती सकाळपासून विसरली होती. जानूच्या बायकोची रांगोळी थांबली, पलीकडची म्हातारी पुन्हा उभी राहिली. सगळ्या पाखाडीने हवालदारणीकडे पाहिलं, ती आता धावणार म्हणून. घंटी परत वाजली, जवळ आली. दमयंती धावली नाही. तिने गोजराच्या हाताखाली ताट नीट सरकवून दिलं, काठाचा चेपलेला भाग तिच्या बाजूला येईल असं, आणि ते तिला पेललं याची खात्री करून आपले हात सोडले. मग ती वळली. पलीकडे स्वतःच्या दारात येसूबाई उभी होती, हातात झारा, तेल ठिबकत होतं, आणि तिच्या मागे कढई चुलीवर होती. नामा सायकलवरून उतरत होता. खांद्यावरच्या पिशवीत त्याने हात घातला होता, अजून बाहेर काढला नव्हता. दमयंती त्याच्याकडे चालत गेली, घाई न करता, आणि तिने हात पुढे केला. बोटांना पीठ आणि तेल होतं, ते तिने पुसलं नाही.